दुखण्याचे शब्द

“हात मागे!” मी खेकसले. “किती वेळा सांगू? परीक्षेत पेशंटला हात लावायचा नाही. तोंडानं बोलायचं.”

सालोमीनं माझ्या मनगटाकडं आलेला हात पाठीमागं नेला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. “सॉरी मॅडम. सवय आहे.”

“सवयीनं दोनदा घालवलंस. आता तिसऱ्यांदा घालवणार?”

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द मागं घेतला नाही. माझा स्वभावच तसला. आमचे हे म्हणायचे, “शैला, तुझ्या तोंडाला झाकण बसवून देणारा भेटला तर मी त्याचा जाहीर सत्कार करीन.”

गोष्ट मिरजेतली. आमचं गाव दवाखान्यांचं. गल्लीत किराणा दुकान नसेल, पण डॉक्टरची पाटी असणारच. मग नर्सेसही तेवढ्याच. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. परदेशी जाऊ बघणाऱ्या नर्सेसना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करून घ्यायचे. वाचन, लेखन, ऐकणं यांत आमच्या पोरी तरून जायच्या. अडायच्या त्या बोलण्याच्या परीक्षेत. तिथं परीक्षकच पेशंट होऊन समोर बसतो. नर्सच्या हातात एक कार्ड देतात. पेशंट घाबरलाय, किंवा चिडलाय, किंवा ऐकत नाही, असं काहीतरी त्यावर असतं. पाच मिनिटांत नुसतं बोलून त्याची समजूत घालायची.

त्याला शब्द लागतात. आणि शब्द पाठ करून येत नाहीत, ते अंगाला लावून घ्यावे लागतात, असं माझं ठाम मत. दुखण्याचे शब्द तर मी असेच शिकवायचे. आपल्याकडं ठणका वेगळा, कळ वेगळी, आग वेगळी, मुरडा वेगळा, नुसतं अवघडणं वेगळं. तसंच तिकडंही असतं. मी खुर्चीत बसून दाढ ठणकल्याचं सोंग करायचे, पोटात मुरडा आल्यासारखी वाकायचे, आणि पोरींनी त्या दुखण्याचा इंग्रजी शब्द सांगायचा. सांगता आला नाही तर मी बरी होत नसे. एकदा अर्धा तास वाकून बसले होते. क्लासभर माझ्या नाटकांची ख्याती होती.

वर्गाचा नियम एकच. दारातून आत आलं की मराठी बंद. मी इथं सगळं मराठीत सांगतेय, पण त्या खोलीत एक शब्दही मराठी चालत नसे. बोलला तो बाहेर.

सालोमी लोंढे माझी सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. एकोणचाळीस वर्षांची, आयसीयूत सोळा वर्षं काढलेली. पेशंटच्या चेहऱ्याकडं बघून ती अर्धं दुखणं ओळखायची. पण बोलायला लावलं की तिचे हात आधी पुढं. नाडी धरायची, उशी सारखी करायची, चादर ओढायची, आणि तोंडातून दोन शब्द. परीक्षक काय नाडीला मार्क देतात होय? दोन वेळा तिथंच नापास झाली. तिचा नवरा डॅनियल छापखान्यात होता, तो छापखाना बंद पडला. दोन मुली, एक बारावीला. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं तिची जागा धरून ठेवली होती, पण महिनाअखेर निकाल हातात हवा, नाहीतर जागा दुसरीला. आणि चाळिशी उलटली की एजंट फोनसुद्धा उचलत नाहीत, हे तीच मला म्हणाली होती.

पुण्याचं सेंटर भरलेलं. जागा मिळाली ती थेट कोचीला. तिकडं जाणारी गाडी मिरजेवरून आठवड्यातून एकदा, दुपारी चारला. त्याच दिवशी जेवणानंतर मी तिला शेवटच्या सरावाला बोलावलं होतं. तिची बॅग माझ्या दाराशी ठेवलेली होती. सोबत इरफान मुजावर आणि प्रणाली होते. दोघंही नवी पोरं, बघून शिकायला बसलेली.

“पुढचं कार्ड,” मी म्हणाले. “पेशंटला तपासणी नको आहे, घरी जायचंय. पटवून दे.”

मला सकाळपासून बरं वाटत नव्हतं, हे सांगायला हवं. डाव्या जबड्यात काहीतरी धरल्यासारखं होत होतं. मी म्हटलं, दाढ असेल. जेवणानंतर घशाशी आलं. मी म्हटलं, वांग्याची भाजी. आपण स्वतःला काय काय सांगत असतो!

सालोमीनं हात मागं बांधले आणि सुरुवात केली. “नमस्कार, मी सालोमी, आज तुमची काळजी मी घेणार आहे. तुम्हाला काय होतंय, जरा सांगाल का?”

“मला घरी जायचंय,” मी पेशंटच्या आवाजात म्हणाले.

“घरी जावंसं वाटणं साहजिक आहे. पण आधी मला सांगा, दुखतंय कुठं?”

आणि तेवढ्यात ते आलं. छातीच्या मधोमध. कुणीतरी भरलेलं पोतं आणून ठेवल्यासारखं. मी खुर्चीचा हात धरला. मला आजही नवल वाटतं ते याचं, की माझ्या मनात पहिला विचार आला तो शब्दाचा. हे काय आहे? ठणका नाही. कळ नाही. आग नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना दुखण्याचे शब्द शिकवले आणि माझ्या दुखण्याला मला शब्द सापडेना.

“इथं,” मी छातीवर मूठ ठेवली. “इथं... जड...”

“एक नंबर, मॅडम!” इरफाननं टाळ्या वाजवल्या. प्रणालीनंही वाजवल्या. तो तिला म्हणाला, “घाम पण काढला बघ मॅडमनी! कसं जमतं हो तुम्हाला?”

मला हसू आणायचं होतं. आलं नाही. सालोमी समोर उभी, हात तसेच मागं. तिनं पुढचं वाक्य म्हटलं, “तुम्हाला किती त्रास होतोय हे मला दिसतंय.” मी घोटवून घेतलेलंच वाक्य. म्हणता म्हणता ती मध्येच थांबली. माझ्या कपाळाकडं बघितलं, मग माझ्या ओठांकडं.

“मॅडम,” ती मराठीत म्हणाली, “हे कार्डावरचं न्हाई.”

“इंग्लिश,” मी म्हणाले. देवाशपथ सांगते, त्या अवस्थेत मी तिला म्हणाले, “इंग्लिश बोल.”

“गप बसा मॅडम.” तिचे हात सुटले. एक माझ्या मनगटावर, एक मानेवर. “डाव्या हाताला मुंग्या आल्यात? जबडा धरलाय? कवापासनं? मराठीत सांगा.”

“सकाळपासून.”

“सकाळपासनं! आणि तुम्ही आम्हाला कार्डं वाटत बसला?” ती मागं वळून ओरडली, “इरफान, टाळ्या काय वाजवतोस, रिक्षा आण! प्रणाली, माझ्या पर्समध्ये ॲस्पिरिन आहे, काढ. मॅडम, चावून खायची. पाणी नको, चावा.”

मी ती कडू गोळी चावली. इरफानचा चेहरा पांढराफटक पडला होता. टाळ्या वाजवलेले हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. तो धावत सुटला.

रिक्षात माझं डोकं सालोमीच्या खांद्यावर होतं. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना करतेय, माझ्यासाठी, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. प्रणाली पुढं रिक्षावाल्याच्या बाजूला चिकटून बसलेली. इरफान सालोमीची बॅग घेऊन मोटरसायकलवर स्टेशनकडं गेला होता, डॅनियल तिथं वाट बघत होता.

“तू जा,” मी म्हणाले. “मला दारात सोड आणि जा. प्रणाली आहे.”

“बोलू नका.”

“मी सांगतेय ना, जा.”

“मॅडम, वर्ग संपला. आता तुम्ही बोलायचं न्हाई.”

ती सोळा वर्षं जिथं नोकरीला होती, तेच हॉस्पिटल. आत शिरताच तिच्या ओळखीची माणसं धावली. ईसीजी काढला. डॉक्टर हेरवाडे तरुण होते, शांत होते. त्यांनी ती पट्टी बघितली आणि म्हणाले, “मॅडम, रक्तवाहिनी अडलीय. आत्ताच आत घ्यावं लागेल. सही करा, दहा मिनिटांत टेबलावर घेतो.”

“नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. गोळ्या द्या. मी घरी जाते.”

आता याचं कारण सांगते. सहा वर्षांपूर्वी आमचे हे याच इमारतीत, समोरच्याच ऑपरेशनच्या दारातून आत गेले होते. मी बाहेर बाकावर डबा घेऊन बसले होते, शुद्धीवर आल्यावर भूक लागेल म्हणून. ते टेबलावरच गेले. कुणाची चूक नव्हती, त्यांचं हृदयच थकलेलं होतं. पण मला ते दार दिसलं आणि मी स्ट्रेचरची दांडी धरून ठेवली. बाई मोठी खमकी, सगळ्यांवर खेकसणारी. आणि स्ट्रेचरवर लहान पोरीसारखी हट्टाला पेटलेली.

डॉक्टर दोनदा समजावून गेले. बेळगावला माझ्या भावाला फोन लावला. तो निघाला, पण त्याला यायला तीन तास. फोनवरून त्यानंही सांगितलं. मी त्याचंही ऐकलं नाही. प्रणाली भिंतीला टेकून रडत होती.

भिंतीवर घड्याळ होतं. साडेतीन वाजून गेले होते. सालोमीचा फोन वाजला. डॅनियलचा आवाज मलाही ऐकू आला. “अगं, कुठं आहेस? गाडीची अनाउन्समेंट झाली. बॅग घेऊन फलाटावर उभा हाय मी.”

“आले,” ती म्हणाली. फोन ठेवला. माझ्याकडं आली.

“मॅडम, तुम्हाला भीती वाटणं साहजिक आहे. तुमच्या मनात काय चाललंय हे मी...”

“पाठ केलेलं बोलू नकोस माझ्याशी,” मी म्हणाले. “मीच शिकवलंय ते.”

तिचा चेहरा लाल झाला. मग ती स्ट्रेचरच्या दांडीवर हात आपटून म्हणाली, “बरं. मग खरं बोलते. मला तुमचा राग आलाय. लई राग आलाय. सकाळपासनं दुखत होतं तर सांगायला तोंड न्हवतं? आमच्यावर तोंड कसं टाकता मग? ती पट्टी मी बघितलीय मॅडम. असल्या पट्ट्या मी सोळा वर्षं बघितल्यात. घरी गेला तर तुम्ही रात्र काढणार न्हाई. हे गोड करून सांगायचं मला इंग्रजीत जमत न्हाई, मराठीत बी जमत न्हाई.”

मला असं कुणी कधी बोललं नव्हतं. विद्यार्थिनी तर नाहीच. एरवी मी तिला उभी सोलली असती. पण त्या क्षणी माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“मला भीती वाटते गं, सालोमी.”

“व्हय. वाटणारच.” तिचा आवाज एकदम उतरला. “कशाची वाटते? मरायची?”

“नाही.” मी विचार केला. खरंच ती नव्हती. “आत एकटी जायची. ते एकटेच गेले. मी बाहेर होते. त्यांना शेवटी कुणाचा आवाज ऐकू आला असेल, हेच सहा वर्षं मनात येतंय.”

फोन पुन्हा वाजला. तिनं बघितला. वाजू दिला.

“मी आत आले तर?” ती म्हणाली.

“तुझी गाडी आहे.”

“मी काय विचारलं? मी आत आले, तुमच्या डोक्याशी उभी राहिले, सगळं सांगत राहिले, तर सही कराल?”

मी घड्याळाकडं बघितलं. तिनंही बघितलं. स्टेशन लांब नव्हतं. आत्ता बाहेर पडली असती, रिक्षा मिळाली असती, पळत जिना उतरली असती, तर गाडी मिळाली असती. हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. मी म्हणायला हवं होतं, की जा, मी करते सही, तू जा. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ते दार मला दिसत होतं.

“करीन,” मी म्हणाले.

सालोमीनं फोन बंद केला. एकदाच श्वास घेतला, मोठा. “हेरवाडे सर,” तिनं हाक मारली, “मॅडम तयार आहेत. मी गाऊन घालून येते.”

आत थंडी होती. माणूस जागा असतो त्या प्रकारात, हे मला ठाऊक नव्हतं. मास्कमागून सालोमीचे फक्त डोळे दिसत होते, पण ती बोलत होती. थांबलीच नाही. “आता मनगटाला बोचल्यागत होईल. झालं. आता हातातून काहीतरी सरकल्यागत वाटंल, दुखणार न्हाई. आता अंगातून गरम लाट जाईल, घाबरायचं न्हाई, औषध आहे ते. आता छातीत पुन्हा दाबल्यागत होईल, फुगा फुगवतात सर. मोजा माझ्यासंगं. सोडला बघा. हलकं वाटतंय का?”

वाटत होतं. छातीवरचं पोतं कुणीतरी उचललं. ती सांगायची तसंच व्हायचं, आधी शब्द, मागून दुखणं. त्यामुळं दुखणं अंगावर धावून आलं नाही, ओळखीचं होऊन आलं. मी शिकवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

मी वाचले. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तिला परीक्षेची पुढची तारीख मिळाली ती दीड महिन्यानं. तोवर आयर्लंडची जागा केरळच्या कुणा मुलीला गेली. मी तिच्या घरी जाऊन बसले. म्हटलं, दुसरीकडं बघू, इंग्लंड बघू, रोज दोन तास शिकवते. डॅनियल माझ्यासमोर चहा ठेवून बाहेर निघून गेला. तो माझ्याशी पुढं वर्षभर बोलला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. सालोमीनं ती परीक्षा परत दिली नाही. मुलगी डॉक्टर व्हायची म्हणत होती, ती फार्मसीला गेली. इरफान कॅनडात आहे, प्रणाली मँचेस्टरला. नाताळ आणि दिवाळीला त्यांचे फोन येतात. सालोमी अजून त्याच आयसीयूत आहे, आता इनचार्ज. दर तीन महिन्यांनी माझी तपासणी असते तेव्हा ती दारात उभी असते आणि विचारते, “काय मॅडम, गोळ्या चुकवल्या का न्हाई?”

लोकांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा इथंच थांबते. लोक म्हणतात, “देवमाणूस हो.” मी मान डोलावते. पण खरी गोष्ट पुढं आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मला वॉर्डात हलवलं. संध्याकाळी ड्युटी संपवून ती आली. रजा रद्द करून पुन्हा कामावर रुजू झाली होती. स्टूल ओढून माझ्या पलंगाशी बसली. मी सकाळपासून मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. आयुष्यभर शब्दांचा धंदा केलेली बाई मी, चांगली भारदस्त वाक्यं होती.

“सालोमी,” मी सुरुवात केली.

“थँक्यू म्हणणार असाल तर थांबा,” ती म्हणाली. “आधी माझं ऐका. मग म्हणावंसं वाटलं तर म्हणा.”

“बोल.”

ती युनिफॉर्मच्या खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडत-लावत राहिली. “रिक्षात तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी प्रार्थना करत होते.”

“माहितेय. बघितलं मी.”

“तुम्हाला वाटलं असंल तुमच्यासाठी.”

मी मान हलवली.

“मी म्हणत होते, प्रभू, काय करायचं ते चारच्या आत कर. वाचवायचं असंल तर वाचव, न्यायचं असंल तर ने. पण चारच्या आत कर. म्हणजे मला गाडी मिळंल.” तिनं माझ्याकडं बघितलं. “आख्खी रिक्षाभर हेच. स्टेशनच्या चौकापर्यंत. तिथं तर मी नीट म्हणाले, ने म्हणून. मला माझ्या पोरी दिसत होत्या.”

वॉर्डात कुणाचा तरी ट्रान्झिस्टर चालू होता. मी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. मला राग यायला हवा होता का? आला नाही. उलट असं वाटलं की इतक्या दिवसांत माझ्याशी इतकं खरं कुणी बोललं नसेल.

“मग?” मी विचारलं. “त्यानं ऐकलं का तुझं?”

“ऐकलं की.” तिच्या तोंडाचा कोपरा हलला. “वाचवलं तुम्हाला. पण सव्वाचारला.”

मला हसू फुटलं. छातीत हिसका बसला तरी थांबेना. तीही हसली, तोंडावर हात धरून, खांदे गदगदवत हसली. आणि हसता हसता कधी तिचा हुंदका फुटला ते मला कळलंच नाही. पलंगाच्या कडेवर डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. सोळा वर्षांत त्या हॉस्पिटलात तिला रडताना कुणी पाहिलं नसावं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई धडपडत उठून बसल्या.

“अगं बाई, काय झालं वो सिस्टरास्नी?”

“गाडी चुकली त्यांची,” मी म्हणाले, आणि मग मलाही आवरेना.